पाहुण्यांच्या दालनातली चादर

मालनने ओल्या चादरीचा बोळा मशीनच्या तोंडात कोंबला, बाहेर राहिलेलं टोक बोटाने आत ढकललं आणि काचेचं दार लावलं. पावडर कुठल्या खणात घालायची ते तिला ठाऊक होतं. कुठलं बटण दाबायचं ते नव्हतं. सून जान्हवी मशीन लावायची तेव्हा ती कितीदा तरी ड्राय बाल्कनीच्या उंबऱ्याशी उभी राहिली होती, पण तिचं लक्ष कपड्यांवर असायचं, बटणांवर नाही. तिने सगळ्यात मोठं बटण दाबलं. मशीनने एक सूर काढला, आतून खट् झालं आणि पट्टीवर लाल आकडे उमटले. दोन तास चाळीस मिनिटं.

तिने दार ओढून पाहिलं. आता ते उघडत नव्हतं. काचेच्या पलीकडे चादर हळूच एका अंगावर पलटली आणि तिची निळी किनार वर आली.

सात वाजून दहा मिनिटं झाली होती. जान्हवी क्लबहाऊसमधल्या योगा क्लासहून सव्वाआठला परत येते. मुलगा सुशांत दोन दिवस पुण्याला गेला होता. नात श्रुतिका तिच्या खोलीत झोपलेली होती.

गेल्या महिनाभरात हे पाचव्यांदा झालं होतं. आधीच्या चारही वेळा मालनने बाथरूममध्ये स्टुलावर बसून चादर हातानेच धुतली होती, पिळली होती आणि जान्हवी यायच्या आत दोरीवर टाकली होती. पहिल्यांदा चहा सांडला असं सांगितलं. दुसऱ्यांदा घाम. तिसऱ्यांदा कुणी विचारलं नाही. चौथ्यांदा जान्हवीने दोरीकडे पाहिलं आणि मग तिच्याकडे पाहिलं, एवढंच. गादी वाचत होती, कारण जेवणाच्या टेबलावरचं जुनं मेणकापड तिने चादरीखाली घातलं होतं. पण आज उजव्या अंगठ्याचा सांधा सुजला होता आणि पीळ बसत नव्हता. पाणी निथळणारी चादर हातात धरून ती बराच वेळ बाथरूममध्ये उभी राहिली होती, मग मशीनकडे आली होती.

जूनमध्ये ती पॅसेजमध्ये पडली, तेव्हा जान्हवीने तिच्या गुडघ्याला मलम लावता लावता सांगून टाकलं होतं.

"आई, एक स्पष्ट सांगते. पडणं-झडणं मी बघेन. पण उद्या अंथरुणातलं सुरू झालं, तर ब्युरोची बाई. चोवीस तासांची. माझ्या आईचं चार वर्षं केलंय मी. परत नाही होणार माझ्याच्यानं."

ती रागाने बोलली नव्हती. म्हणूनच मालनला ते खरं वाटलं होतं.

पंधराव्या मजल्यावरच्या नंदाकडे अशी बाई होती. नंदा चाळीस वर्षं शाळेत गणित शिकवत होती. आता तिच्या खोलीचं दार लागत नसे, बाथरूमचंही नाही. लिफ्टमध्ये खुर्ची ढकलताना ती बाई सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगायची, "आज आजीनं दोनदा भिजवली." नंदा तेव्हा वर बदलत जाणारे मजल्यांचे आकडे बघत राहायची.

मालनच्या खोलीला आतून कडी होती. या सबंध घरात तिच्या हाताने लागणारं आणि तिच्याच हाताने उघडणारं तेवढं एक दार होतं. घराच्या मुख्य दाराला सुशांतने बोटांनी उघडणारं कुलूप बसवलं होतं. सगळ्यांची बोटं घेतली तेव्हा तिचीही दहाच्या दहा लावून पाहिली आणि प्रत्येक वेळी कुलपातली बाई गोड आवाजात नाही म्हणाली. छत्तीस वर्षं सुई आणि खळ यांनी बोटांवरच्या रेषा पुसून टाकल्या होत्या. आकड्यांचा एक कोडही होता. तो तिने पाण्याचे कॅन आणणाऱ्या माणसाला सांगितला, म्हणून बदलला गेला. आतून दार उघडायला अडचण नव्हती. बाहेर पडता यायचं, परत येता यायचं नाही. एकदा दुपारी खाली बाकावर जाऊन आल्यावर ती दोन तास दारापुढच्या पायरीवर बसली होती. नंतर गेली नाही.

"आजी, उठलीस पण?" श्रुतिका डोळे चोळत बाहेर आली. केस तसेच वर गुंडाळलेले. "मस्त उजेड आहे. अर्ध्या तासात बसू या."

"आज कशाला?"

"कशाला काय? मिहिरला आज द्यायचंय यार."

"मी यार नाही."

"सॉरी. मिहिरला आज द्यायचंय, आजीसाहेब." तिने फ्रिज उघडून बाटली तोंडाला लावली आणि ड्राय बाल्कनीकडे पाहिलं. "मशीन कुणी लावलं?"

मालनने गॅसवर चहाचं आधण ठेवलं होतं, त्यात पुन्हा एक चमचा साखर घातली.

"काय घालू अंगात?" ती म्हणाली. "ती जांभळी साडी नको. टोचते."

"काहीही घाल. तू काहीही घातलंस तरी लोक लाल बदाम टाकतात."

हे खरं होतं. श्रुतिका अंधेरीच्या एका कंपनीत मिहिरच्या हाताखाली लहान लहान व्हिडिओ करायची. मार्चमध्ये तिने सहज म्हणून आजीचा एक केला, नॅपकिनला खळ कशी देतात याचा. तो दोन लाख लोकांनी पाहिला. मग 'भवनातली आजी' नावाने चाळीसेक झाले. एकशेचार माणसांच्या टेबलाचा कपडा घडी करायला किती जणी लागत. इस्त्रीचं टेबल केवढं होतं. फाटलेला रुमाल टाकून का देत नसत. लिफ्टमधली अनोळखी मुलं आता मालनला बघून हात हलवत. गोरेगावचा एक चॅनल पाच भागांची मालिका करायला तयार होता, पण त्यांची एक अट होती. आजवर कुणीच सांगितली नाही अशी एक तरी गोष्ट हवी. मालिका झाली तर श्रुतिकाची नोकरी कायम होणार होती. नाही झाली तर तिचं कंत्राट महिनाअखेरीला संपत होतं.

आणि ती गोष्ट आपल्याला सापडली आहे अशी श्रुतिकाची खात्री होती. मागच्या आठवड्यात आधार कार्ड शोधताना मालनच्या प्लास्टिकच्या फाइलमधून एक पिवळा कागद निघाला होता.

खिडकीशी खुर्ची ठेवली गेली. सतराव्या मजल्यावरून मुलुंडची मिठागरं दिसत होती, चौकोन चौकोन, भरलेल्या पाण्याचे. श्रुतिकाने तिपाईवर गोल दिवा उभा केला आणि त्याच्या मधोमध फोन अडकवला. दिवा लागला की त्याच्या मागे कोण उभं आहे ते मालनला दिसत नसे. नुसतं पांढरं कडं दिसे आणि त्यातून आवाज यायचा.

"आधी घर सांग. माहीत नसलेल्यांसाठी."

"किती वेळा सांगू?"

"पहिल्यांदा सांगतेयस असं सांग."

मालनने पदर सारखा केला. दिल्लीतलं ते घर इंग्रजांनी आपल्या व्हाइसरॉयसाठी बांधलं, तिने सांगितलं. बांधायलाच सतरा-अठरा वर्षं गेली आणि जेमतेम तेवढीच वर्षं त्यांना त्यात राहायला मिळालं. मग ते आपल्या राष्ट्रपतींचं झालं, राष्ट्रपती भवन. तीनशे चाळीस खोल्या. एका बाजूला कुटुंब राहायचं, एका बाजूला कचेऱ्या आणि एका बाजूला पाहुण्यांची दालनं. त्या काळी दुसऱ्या देशांचे प्रमुख आले की हॉटेलात उतरत नसत. घरातच उतरत.

"आणि तू कुठे असायचीस?"

"खाली."

"आजी, जरा मोठं उत्तर."

"खाली लिनन रूम होती. तिथे. वर काय होतं ते मला कापडावरून कळायचं. मेजवानीचा दिवाणखाना मी एकदाच पाहिला, तोसुद्धा टेबलाखालून. पाहुणे यायला तासभर उरला होता आणि कपड्याची दुमड सुटली होती. मी आत शिरून बसले आणि टाके घातले. त्या हॉलचं मला काय आठवतं विचारशील, तर टेबलाचे पाय."

कड्यामागून हसू ऐकू आलं. "झकास. हे ठेवते." मग कागद सळसळला. "आता हे. 'मालन जयवंत सावंत, रफूकाम. पाहुण्यांच्या दालनातील चादर निष्काळजीपणे कापून नुकसान केल्याबद्दल लेखी ताकीद.' एकोणऐंशी साल. आजी, तू? चादर कापलीस?"

ड्राय बाल्कनीत मशीनने पाणी सोडलं आणि पुन्हा घेतलं.

तिचा बाप धाकू परळच्या गिरणीत होता आणि आई घरी बसून गिरणीतल्या खोट निघालेल्या थानांना रफू करायची. हात तिथे तयार झाला. जयवंतला भवनाच्या बागांच्या कचेरीत कारकुनी मिळाली म्हणून ती लग्न होऊन दिल्लीला गेली, आणि वर्षभरात शुभाबाईंनी तिला लिनन रूममध्ये घेतलं. शुभाबाई तिथल्या मुख्य. रफू झालेलं कापड त्या खिडकीशी उजेडात धरायच्या आणि चष्मा कपाळावर सरकवून बघायच्या. टाका दिसला की सगळं उसवायला लावायच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी मालनला बजावलं होतं, "कापड बोलतं. कोण रडलं, कोण प्यालं, कोण आजारी आहे. ते ऐकायचं आणि इथेच ठेवायचं. नवऱ्याला सुद्धा नाही."

तो हिवाळा होता. एका लहानशा देशाचे राष्ट्रप्रमुख तीन दिवसांसाठी आले होते. सत्तरीच्या पुढचे, काठी घेऊन चालणारे. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या दालनातली टोपली घेऊन राजाराम खाली आला. राजाराम त्या बाजूचा जुना माणूस, तीन मुलींचा बाप. मालनने चादर झटकून उलगडली आणि तिला मधोमध एक भोक दिसलं. चौकोनी. वीतभर लांब, वीतभर रुंद, वर चार बोटं.

राजाराम टोपली सोडून मागे सरला. "मालनताई, मी नाही."

"मी म्हटलं का तू?"

तिने कड बोटांवर घेतली. कापणं मोठ्या कात्रीचं नव्हतं. नखं कापायच्या कात्रीने बारीक बारीक चावे घेत नेलेलं होतं, वळणावर दोनदा थांबलेलं. एका बाजूला कड अजून ओलसर होती आणि पिवळट. पुरेसं कापलं गेलं नव्हतं. तिने ती नाकाशी नेली, आणि मग तिला काही विचारायचं उरलं नाही. राजारामला कळलं नव्हतं. तो पुन्हा पुन्हा म्हणत होता की सकाळी साहेबांनी स्वतःच चादर गोळा करून टोपलीत घातली, त्याला हात लावू दिला नाही.

पाहुण्यांच्या दालनातलं काही बिघडलं की चौकशी व्हायची. ती राजारामपासून सुरू झाली असती आणि एक एक जिना चढत त्या काठीपर्यंत गेली असती.

शुभाबाई चहाला गेल्या होत्या. मालनने आपली मोठी कात्री घेतली आणि भोकाच्या चारी बाजूंनी आणखी दोन बोटं कापलं, सरळ, एका दमात. चावे गेले, पिवळेपणा गेला. निघालेल्या पट्ट्या तिने चुलीत टाकायच्या चिंध्यांमध्ये खाली दाबल्या.

"हे काय?" परत आल्यावर शुभाबाईंनी विचारलं.

"माझ्या हातून झालं. जुनी समजले. तुकडे करायला घेतली."

शुभाबाईंनी चष्मा कपाळावर सरकवला, चादर खिडकीशी धरली आणि त्या भोकातून थोडा वेळ बाहेर पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "लिहून द्यावं लागेल मला." त्यांनी लिहून दिलं. वर्षभर मालनला टेबलाचे कपडे मिळाले नाहीत. ती स्वयंपाकघरातली फडकी शिवत राहिली, आणि घरी जयवंतने विचारलं तेव्हा म्हणाली की डोळे दुखतात.

तेव्हा तिला तो म्हातारा वेडा वाटला होता. चादर कापून काय मिळवलं त्याने? तो तुकडा नेला कुठे, बॅगेत? त्या भल्या मोठ्या घरात दर दाराबाहेर एक माणूस उभा असायचा, हातात काही दिसलं की घ्यायला पुढे व्हायचा. तीनशे चाळीस खोल्या होत्या आणि एक कापड पाण्यातून काढायला त्याला जागा नव्हती. हे कळायला तिला एक्याऐंशी वर्षांचं व्हावं लागलं. महिन्यापूर्वी पहिल्यांदा झालं, तेव्हा अंथरुणाच्या कडेला बसून तिनेही आधी खणातली कात्री शोधली होती.

"आजी. झोपलीस का?"

"नाही."

"मग सांग ना. भवनातली सगळ्यात चांगली रफूवाली. तिने पाहुण्याची चादर कापली. का?"

तेवढ्यात मुख्य दाराचं कुलूप वाजलं. सव्वाआठ झाले नव्हते. जान्हवीची पावलं स्वयंपाकघरात गेली, नळ सुटला, बंद झाला, आणि मग ती पावलं ड्राय बाल्कनीत जाऊन थांबली.

"मशीन कुणी लावलंय?"

मालनने हात मांडीवर ठेवले. सुजलेला अंगठा दुसऱ्या हाताच्या मुठीत गेला.

"यात आईंची चादर आहे." आवाज जवळ येत होता. "शुक्रवारीच तर घातली मी." जान्हवी खोलीच्या दारात आली. काखेत योगाची सतरंजी, कपाळावर घाम. तिने श्रुतिकाकडे पाहिलंच नाही. ती मालनकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. ती दमलेली दिसत होती, जणू पुढची चार वर्षं तिला आत्ताच दिसली होती.

"आई?" ती म्हणाली.

"मी लावलं, मम्मी," श्रुतिका म्हणाली.

ती फोनच्या स्क्रीनवरून मान वर न करता बोलली.

"तू?"

"काल आजीच्या बेडवर लोळत होते. पिरियड्स आले. डाग पडला."

"तुझी तारीख वीस असते."

"असते. या वेळी आधी आले. सोसायटीच्या बोर्डावर नोटीस लावू का?"

"नीट बोल." जान्हवीने सतरंजी दुसऱ्या काखेत घेतली. तिचे खांदे थोडे खाली आले होते. "आणि गरम पाण्यावर टाकलीस. रक्ताचा डाग गरम पाण्यात पक्का होतो, एवढंही माहीत नाही? आई, तुम्ही तरी सांगायचं तिला. तुम्हाला कापडातलं कळतं."

"चुकलं माझं," मालन म्हणाली.

जान्हवी वळली आणि पुन्हा थांबली.

"अगं, मग परवा गणपती?"

सुशांतच्या पाठीचं ऑपरेशन झाल्यापासून, पाच वर्षं, कारखान्यातून गणपती श्रुतिका आणत होती. पहिल्या वर्षी सोसायटीतल्या दोघातिघांनी तोंडं वाकडी केली होती, मुलगी कशी आणते म्हणून. तेव्हा मालनने लिफ्टपाशी उभं राहून विचारलं होतं की तुमच्यापैकी कुणाला सतरा मजले उचलून आणायचा आहे का, लिफ्ट बंद ठेवायला सांगते. तेव्हापासून कुणी काही म्हणालं नव्हतं. श्रुतिका त्या दिवशी पहाटे उठून न्हायची आणि येईपर्यंत कुणाशी बोलायची नाही. एरवी देवाला हातही न जोडणारी पोरगी.

"परवा काय," श्रुतिका म्हणाली. तिचा अंगठा स्क्रीनवर तसाच राहिला होता. "राजेशदादाला सांग. भांडुपहून येईल."

"सांगते. चांगलं नाही ना वाटत तसं. तू नवीन कुर्ता पण आणलायस."

"नंतर घालेन."

जान्हवी गेली. स्वयंपाकघरात भांडी हलू लागली.

मालन त्या पांढऱ्या कड्याकडे बघत राहिली. पोरीला किती दिवसांपासून माहीत होतं, काय माहीत होतं, तिला विचारता येत नव्हतं. सकाळी तिने मशीनकडे पाहिलं होतं आणि उत्तराची वाट पाहिली नव्हती, हे आता तिच्या ध्यानात येत होतं.

"बापरे, हे सगळं रेकॉर्ड झालं," कड्यामागचा आवाज म्हणाला. "थांब, पुसते." थोडा वेळ गेला. "हं. परत सुरू. आजी, चादर का कापलीस?"

हा प्रश्न आता आधीसारखा नव्हता. निदान मालनला तो तसा वाटला नाही. पोरीने आत्ता काहीतरी देऊन टाकलं होतं आणि आता ती मागत होती. किंवा मागत नव्हती, नुसतं काम पुरं करत होती. चेहरा दिसला असता तर कळलं असतं. सांगायला आता हरकत तरी कुणाची होती? ती काठी, तो माणूस, राजाराम, शुभाबाई, सगळे गेले. देशाचं नाव न घेताही सांगता आलं असतं. दोन लाख लोकांनी हळहळून बदाम टाकले असते. कुणीतरी हसलंही असतं. त्यांच्यातल्या एखाद्याने शोधून काढलं असतं, कुठल्या हिवाळ्यात कोण आलं होतं.

"हात सटकला," मालन म्हणाली.

"तुझा?"

"माझा."

"यात लिहिलंय, चौदा इंची चौकोनी तुकडा." आवाज हळू झाला होता. "हात चौकोनी सटकतो का गं, आजी?"

"सटकतो कधी कधी."

मशीन जोरात फिरायला लागलं होतं. त्याची घरघर भिंतीतून खुर्चीपर्यंत येत होती. मग कडं विझलं, आणि त्याच्या जागी श्रुतिका दिसली, गुडघे पोटाशी घेऊन जमिनीवर बसलेली, केस अजून तसेच. ती आजीच्या बोटांकडे बघत होती. बराच वेळ. मग तिने फोन तिपाईवरून काढला, तोंडाजवळ धरला आणि बोलू लागली.

"मिहिर, ते चादरीचं बोलले मी आजीशी. काही नाहीये रे त्यात. कात्री लागली चुकून, बस. म्हातारी माणसं कागद जपून ठेवतात, तसा ठेवलाय. नाही, दुसरं तसलं काही नाही तिच्याकडे."

उत्तर यायला मिनिटही लागलं नाही. तिने ते कानाशी लावून ऐकलं.

"काय म्हणतो?"

"बघू म्हणतो."

"म्हणजे?"

"म्हणजे नाही." श्रुतिकाने कागदाची जुनीच घडी पुन्हा पाडली आणि तो फाइलमध्ये सरकवला. "अंधेरीत काय एकच ऑफिस आहे का? चहा आहे का गं अजून? तू आज पाक केलायस त्याचा, पण चालेल."

ती दिव्याची तार गुंडाळायला लागली. आतून जान्हवीचा आवाज येत होता, कुणाला तरी फोन लावत असल्यासारखा. "राजेशचा नंबर बदललाय का?" तिने स्वयंपाकघरातूनच विचारलं. "लागत नाहीये."

"पुन्हा लाव," श्रुतिका म्हणाली. तिने तार सोडली आणि पुन्हा पहिल्यापासून गुंडाळायला घेतली.

मालन खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठली. अंगठ्यातून कळ गेली. श्रुतिका तिला धरायला पुढे झाली.

"बस. चहा मी आणते."

"आणते मी," मालन म्हणाली.

स्वयंपाकघराचं दार उघडंच होतं. जान्हवी ओट्याशी पाठमोरी उभी होती, एका हाताने पोळपाट पुसत होती आणि दुसऱ्या हाताने फोन कानाशी धरला होता. फोनमधली रिंग मालनला दारातून ऐकू येत होती.

"तो ठेव," मालन म्हणाली. "राजेशला नको बोलवूस. गणपती श्रुतिकाच आणेल."

जान्हवी वळली. "अहो आई, पण तिचं..."

"तिचं काही नाही झालेलं."

पलीकडून कुणीतरी फोन उचलला. हॅलो, हॅलो, काकी, असं दोनदा ऐकू आलं. जान्हवीने फोनकडे न बघताच तो बंद केला आणि पोळपाटाशेजारी ठेवला. तिची नजर सासूच्या सुजलेल्या अंगठ्यावर गेली, तिथून ड्राय बाल्कनीकडे गेली, आणि परत आली. तिने पायाने टेबलाखालचं स्टूल ओढून बाहेर काढलं.

मालन त्यावर बसली आणि तिने पदर मांडीवर सारखा केला.

"पाच वेळा झालंय," ती म्हणाली.